कुठेच न जाणारा उतार

१

माझ्या मुलीला ठेच लावणारा दगड नाहीसा झाला होता.

ते आधी निधीच्याच लक्षात आलं. मागच्या खेपेला याच घरासमोर, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीतून वीतभर वर आलेल्या दगडाला ती अडखळली होती. अंगठ्यातून रक्त आलं, तिने आकांत केला, आणि मी आपल्याकडे सगळ्या आया करतात तेच केलं. दगडाला चापट मारली. "हत् रे दगडा, आमच्या निधीला लागलं ना?"

निधी लगेच थांबली. पण घराचे मालक दत्तोपंत दचकले. "त्यास मारूं नको गे," असं म्हणाले, वाकून दगडाला बोटं लावली आणि ती डोळ्यांना टेकवली. दत्तोपंत तंजावरकडचे मराठी. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या, त्यामुळे ते बोलतात ती मराठी जुन्या पत्रातून उचलल्यासारखी वाटते, आणि तिला हेल तमिळचा. म्हातारा माणूस, हळवा असेल, असं मला वाटलं. घरी जाताना चारुलताताईंना फोनवर मी ती गंमत सांगितलीसुद्धा, आणि आजोबांनी दगडाला नमस्कार का केला असेल, असं विचारलंही. त्या हसल्या. म्हणाल्या, जुनी माणसं, दगडालाही देव म्हणतात.

आज, रविवारी, कपाटं कुठे मावतील ते मोजायला आम्ही परत आलो होतो. निधी माझं बोट सोडून धावत त्या कोपऱ्यात गेली, हात उगारला आणि तशीच उभी राहिली.

"आई, दगड गेला."

दगडाच्या जागी सिमेंटचा छोटासा उतार होता. नवा, अजून ओलसर दिसणारा. आणि त्यावर रांगोळी काढलेली होती. ठिपक्यांचं कमळ, मधोमध हळद-कुंकवाची चिमूट. ती बघून मला क्षणभर इतकं बरं वाटलं, की आपण सांगलीला आईच्या दारात उभ्या आहोत असाच भास झाला.

मग घराच्या दारावरचं कुलूप दिसलं. दत्तोपंत बायकोच्या श्राद्धासाठी शुक्रवारीच तंजावरला गेले होते. त्यांच्याकडे अंगणात पाणी मारून रोज कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढणारी बाई तेव्हापासून सुट्टीवर होती.

बंद घरासमोर रांगोळी कोण काढतं?

२

आधी हे सांगायला हवं, की आम्ही ते घर का घेत होतो.

मी ऊर्मी. नवरा संकेत गाड्यांच्या कंपनीत डिझाइनला आहे. तीन वर्षं आम्ही शहराच्या टोकाला, तांबरमला, भाड्याने राहतो. तिथे एका खोलीच्या फ्लॅटलासुद्धा आमचा हात पोचत नाही. जुन्या बाजारपेठेतलं, जॉर्ज टाउनमधलं हे घर मात्र त्याहून कमी किमतीत मिळत होतं: दोन मजले, ओटा, मधे उघडा चौक. त्या गल्ल्यांमधून राहती माणसं हळूहळू निघून चालली आहेत. वर जुनी कुटुंबं, खाली कागदाची, लोखंडाची, प्लॅस्टिकची गोदामं, आणि संध्याकाळी शटर पडली की सामसूम. संकेतच्या मते ओसाड भागातली घरं स्वस्तच असतात, त्यात संशय घेण्यासारखं काय?

हे घर दाखवलं चारुलताताईंनी. त्या मूळच्या साताऱ्याच्या, पण तीस वर्षं इथेच. इथल्या मराठी मंडळात नवं कुणी आलं की आधी त्यांच्याच ओसरीला टेकतं. निधीच्या वेळी माझी आई येऊ शकली नाही, तेव्हा अळिवाचे लाडू त्यांनी केले. भाजणी कुठे मिळते, कुठला डॉक्टर उगाच औषधं देत नाही, देवीसमोरची रांगोळी भुंडी ठेवायची नाही, वर हळद-कुंकू वाहायचंच, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. जोडीला त्या लोकांना घरं मिळवून देतात, आणि त्याचं जे काय मिळतं ते घेतात. त्यात वावगं काही नाही.

कर्ज काढू नका, बँकेच्या दारात चपला झिजतील, असंही त्यांनीच सुचवलं होतं. म्हणून आईने माझ्या नावावर ठेवलेली सांगलीची जागा मी विकली. आमच्याकडे तेवढंच होतं. गुरुवारी दस्त नोंदवायचा होता. त्यानंतर ते पैसे दत्तोपंतांचे आणि घर आमचं.

म्हणजे माझ्याकडे गुरुवारपर्यंत वेळ होता.

कुलूप उघडायला दत्तोपंतांचा पुतण्या जनकोजी आला. गिंडीला एका कारखान्यात आहे. मराठीपेक्षा तमिळ सहज येतं त्याला. दगडाचं विचारलं तर आधी म्हणाला, कसला दगड. मग म्हणाला, असेल. मग निधीच्या अंगठ्यावरची पट्टी दाखवल्यावर डोकं खाजवून त्याने ठरवलं, की खालच्या राममूर्तींनी हातगाड्या चढवायला उतार बांधला असणार.

"अक्का, तुमी लई टेन्शन घेता," तो हसत म्हणाला. "घर बघा की. दगड काय बघता?"

हसताना तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि त्याच्या बुटांच्या टाचांवर पांढरट धूळ होती.

३

राममूर्ती दत्तोपंतांचे भाडेकरू, त्यांचं तळमजल्यावर लग्नपत्रिकांच्या कागदाचं गोदाम आहे. सोमवारी संकेत कामावर गेल्यावर मी बाबागाडीत निधीला घालून लोकल पकडली आणि तिथे गेले.

ते अगत्याने बोलले. निधीला सोनेरी कागदाचा तुकडा दिला. त्यांच्या तुटक हिंदीत आणि माझ्या तुटक तमिळमध्ये एवढं कळलं, की हो, उतार त्यांनीच बांधून घेतला, शनिवारी संध्याकाळी, हातगाड्यांसाठी. आणि रांगोळी? तीही शुभ म्हणून. कोणी काढली, यावर मात्र त्यांना एकदम एका गिऱ्हाइकाचा फोन करायचा आठवला.

घर विकलं जाण्यात राममूर्तींचं काय हित होतं? नवा मालक भाडं वाढवतो किंवा हाकलतो. त्यांनी तर व्यवहार मोडायला हवा होता. पण ते खूश दिसत होते.

बाहेर आले, आणि सवयीने बाबागाडी त्या उतारावर घातली.

मूल झाल्यापासून मी शहर वेगळ्या नजरेने बघते. कुठल्या फुटपाथला उतार आहे, कुठल्या दुकानाची पायरी तोडलेली आहे, कुठे चाक अडकतं, हे मला न बघता कळतं. पुढची चाकं वर चढली आणि थांबली. समोर भिंत होती. दार उजवीकडे, गोदामाचं शटर त्याच्याही पलीकडे. त्या उतारावरून वर गेलं तर माणूस ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन नाक घासेल. हातगाडी सोडा, बाबागाडीसुद्धा तिथे वळत नव्हती.

तो उतार कुठेच जात नव्हता. तो चढण्यासाठी बांधलेलाच नव्हता.

संध्याकाळी चारुलताताई आल्या, डब्यात माझ्या आवडीची मसुराची आमटी घेऊन. माझ्या शंकांबद्दल संकेतने त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

"अगं, बाळंतपणानंतर होतं असं कुणाकुणाला," त्या म्हणाल्या. "सगळीकडे धोका दिसतो. तुला रात्रीची झोप मिळत नाही, म्हणून होतंय हे."

संकेत मान डोलावत होता. घरपट्टी अगदी या वर्षापर्यंत भरलेली आहे, मी स्वतः पाहिली, असं त्याने तिसऱ्यांदा ऐकवलं. दस्त तमिळमध्ये होता आणि आम्हाला वाचता येत नव्हता. पण ताईंनी तो आम्हाला मराठीत वाचून दाखवला होता.

मी आमटी खाल्ली. चांगली झाली होती. आणि मनात म्हटलं, हो, मला सगळीकडे धोका दिसतो. ज्या घरात मी माझं मूल निजवणार, तिथे तो आधी दिसायला नको का?

४

मंगळवारी सकाळी लवकर मी पुन्हा गल्लीत. निधीने वाटेत इडली खाल्ली आणि मी फक्त खाली बघत चालले.

दत्तोपंतांच्या शेजारच्या घराच्या डाव्या कोपऱ्यात तसाच दगड होता. वर चुन्याचे थर, पण बोटाने खरवडल्यावर चक्राची कोरलेली आकृती लागली. त्याच्या पुढच्या घराला दगड. त्याच्याही पुढच्या. गल्ली वळते तिथे एक लहानसं विष्णूचं देऊळ आहे. त्याच्या दगडी चौकटीवर तेच चक्र होतं, त्याच मापाचं.

देवळापासून दत्तोपंतांच्या घरापर्यंत प्रत्येक दाराशी चक्राचा दगड. त्यानंतर एकही नाही.

मी मागे फिरून वर बघितलं. दगडांवाली घरं सगळी बसकी होती, कौलारू किंवा फार तर एक माळा, भिंतींना ओल, एकालाही नवा मजला नाही. दगड संपतात तिथून पुढे मात्र चार-चार मजल्यांच्या इमारती, टाइल लावलेल्या, गोदामांना लिफ्ट. गल्ली एकच, भाव एकच, व्यापारही एकच. मग देवळाच्या बाजूच्या एकाही माणसाला घर पाडून मोठं बांधावंसं का वाटलं नाही?

वाटलं असणार. बांधता आलं नाही.

एका दारात कोलम काढणाऱ्या म्हातारीला मी दगडाकडे बोट दाखवून विचारलं. तिने आधी देवळाकडे हात केला, मग पायाखालच्या जमिनीकडे. "सामी इडम्," म्हणाली. देवाची जागा.

घर माणसाचं, पण खालची जमीन देवळाची. म्हणजे जमिनीचं भाडं वेगळं, आणि ते थकलेलं असेल तर नव्या माणसाच्या डोक्यावर. देवळाच्या परवानगीशिवाय नाव लागणार नाही, पाडता येणार नाही, वाढवता येणार नाही, पुढे विकायला गेलं तर कुणी घेणार नाही. एकाही बँकेने यावर कर्ज दिलं नसतं. आणि आम्हाला तर बँकेकडे जाऊच नका म्हणून बजावलं होतं.

संकेतची घरपट्टी खरीच होती. पण ती भिंतींची होती.

दगड कशासाठी झाकला ते कळलं. कोणी झाकला, ते मात्र अजून कळायचं होतं. वळताना पदर म्हातारीच्या कोलमला लागला, म्हणून मी घाईने खाली पाहिलं आणि तशीच खाली बसले.

उत्तर माझ्या पायाशीच होतं.

५

म्हातारीची रेघ ठिपक्यांच्या भोवतीने फिरत होती. वळसे घेत, गाठी घालत, पण एकाही ठिपक्याला न शिवता. शेजारच्या दारातही तसंच, त्याच्या पुढच्या दारातही. पांढऱ्या पिठाचं, स्वच्छ, वर काहीही न वाहिलेलं.

रविवारची रांगोळी ठिपक्याला ठिपका जोडून काढलेली होती. आणि वर हळद-कुंकू होतं.

म्हणून तर मला सांगलीला पोचल्यासारखं वाटलं होतं. त्या एका क्षणाच्या आनंदाने माझे डोळे बांधले होते.

त्या गल्लीत कामाला येणारी बाई असं काढणार नाही. राममूर्तींच्या घरचं कुणी काढणार नाही. जनकोजीने बायकोला आणलं असतं तरी ती इथलीच, तिचाही हात वळसे घेत गेला असता. या घराशी संबंध असलेली महाराष्ट्रातली माणसं तीनच. संकेतला पट्टी धरूनही सरळ रेघ मारता येत नाही. मी काढलेली नव्हती.

आणि तो झाकला जाण्याआधी दगडाबद्दल मी फक्त एकाच माणसाला विचारलं होतं.

मला राग आधी आला नाही, आधी रडू आलं. अळिवाचे लाडू आठवले. मग निधीने माझ्या गालाला चिकट हात लावला, आणि राग आला.

६

बुधवारी दत्तोपंत तंजावरहून परतले. मी सगळ्यांना त्यांच्या ओट्यावर बोलावलं. उद्या व्यवहार, आज जरा चहा घेऊ, म्हटलं. संकेत कुरकुरत अर्धी रजा टाकून आला. चारुलताताई पेढे घेऊन आल्या. राममूर्ती शटरजवळ उभे राहिले, जनकोजी पायरीवर.

सिमेंटवरची रांगोळी पुसट झाली होती. दत्तोपंत ओट्यावर चढता चढता थबकले आणि कोपऱ्याकडे बघत राहिले.

"हें काय?" त्यांनी काठी कोपऱ्याकडे केली. "स्वामीचा दगड कोणीं झांकला?"

मी निधीला कडेवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. दगड, देऊळ, बसकी घरं. संकेतचा चेहरा पांढरा पडत गेला. मग मी जनकोजीकडे वळले. त्याने उतार बांधला नाही, हे मी आधी सांगून टाकलं. त्याच्या बुटांवरची धूळ कारखान्यातली होती, आजही ती तशीच होती. पण दगड झाकलेला दिसल्यावर त्याने गप्प बसायचं ठरवलं, कारण घर विकलं की त्याचा वाटा सुटणार होता. त्याने मान खाली घातली.

राममूर्तींना मी विचारलं, हातगाडी त्या उतारावरून नेऊन दाखवता का? त्यांनी उताराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग चारुलताताईंकडे पाहिलं, आणि हळू आवाजात सांगून टाकलं. नवे मालक तुम्हाला काढणार नाहीत, भाडंही तेच राहील, असा शब्द त्यांना मिळाला होता. विचारलं तर उतार माझा म्हणायचं, एवढंच त्यांच्याकडून हवं होतं.

"शब्द कोणी दिला?" संकेतने विचारलं. "आम्ही तर नाही."

"जिने रांगोळी काढली तिने," मी म्हणाले. "सिमेंट सुकेपर्यंत कुणी त्यावर पाय देऊ नये, म्हणून काढली. रांगोळीवर पाय देत नाही कुणी. आणि ती भुंडी ठेवायची नाही, असं तिच्या हाताला वळण आहे. आपणच शिकवलंत मला ते, ताई."

चारुलताताईंनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. आधी त्या हसल्या, मग संकेतकडे वळून म्हणाल्या, हिला डॉक्टरला दाखव. संकेत हलला नाही.

दत्तोपंत मात्र काठी टेकत त्यांच्यापुढे आले. "चारुबाई, मी पहिल्या दिवशींच तुम्हांस सांगितलें होतें. भूमी देवाची, घर मात्र माझें. म्हणून तर किंमत इतकी उतरविली. तुम्ही म्हणालां, त्या लेकरांस ठाऊक आहे, सरी, चालेल म्हणतात."

"दस्तातही तसंच आहे?" मी विचारलं.

"तसेंच आहे की. फक्त इमारत. लपविण्यासारखें काय आहे?"

आम्हाला मराठीत वाचून दाखवलेल्या दस्तात ते वाक्य नव्हतं.

आता ताईंचा आवाज चढला. "तुमच्यासाठीच केलं मी हे. एवढ्या पैशात या शहरात कोण देतं घर? शंभर वर्षं लोक राहतायत या जमिनीवर, कुणाला देवाने उठवलं? तू तो दगड बघून घाबरली असतीस आणि जन्मभर भाड्याच्या घरात राहिली असतीस."

"राहीन," मी म्हणाले.

"मंडळात तोंड दाखवायचंय ना तुला? मुलीला घेऊन एकटी पडशील इथे."

हे त्या खरं बोलत होत्या. इथे मला त्यांच्याशिवाय कोण होतं? निधीला ताप आला की मी आधी कुणाला फोन करायचे? मी निधीला जरा घट्ट धरलं.

"मी घाबरट आहे ताई, खरंय ते. पण घाबरून सही करणार नाही."

दत्तोपंत जनकोजीकडे वळले आणि एकच शब्द म्हणाले. "फोड."

राममूर्तींनीच आतून पहार आणून दिली. सिमेंट कच्चं होतं, चार घावांत तडकलं. ढलप्यांखालून चुन्याने माखलेला माथा वर आला, आणि त्यावरचं चक्र. दत्तोपंतांनी धोतराच्या सोग्याने ते पुसलं.

निधी कडेवरून खाली उतरली. मी तिला अडवणार होते. तिने हात उगारला, दत्तोपंतांकडे पाहिलं, मग तोच हात दगडावर ठेवून आपल्या डोळ्यांना लावला.

चारुलताताई पेढे तिथेच ठेवून निघून गेल्या होत्या.

गुरुवारी आम्ही सही केली नाही. दत्तोपंतांनी इसाऱ्याची रक्कम स्वतःहून परत केली. जनकोजी ती द्यायला तांबरमला आला, तेव्हा दारातूनच मला अक्का म्हणाला आणि चहा न घेता गेला. सांगलीचे पैसे बँकेत आहेत. आम्ही अजून भाड्यानेच राहतो.

७

पुढच्या महिन्यात मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. संकेत म्हणाला, या वर्षी नको जाऊस. तोवर बायकांमध्ये एवढं पोचलं होतं, की ऊर्मीने चारुलताताईंचा अपमान केला, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही.

मी सगळ्यांच्या आधी गेले. निधीला बाजूला बसवलं आणि हॉलच्या दारात रांगोळी काढली, ठिपक्याला ठिपका जोडून, मोठं कमळ. आणि हात झटकून उभी राहिले.

बायका येऊ लागल्या. पन्ह्याचे पेले फिरले. रांगोळी छान झाली म्हणून कुणीतरी कौतुक केलं. बँकेत नव्यानेच बदलून आलेली कीर्ती नावाची मुलगी, कडेवर चार महिन्यांचं बाळ, खाली बघून म्हणाली, "अगं, हिच्यावर हळद-कुंकू वाहायचं राहिलं की." तिलाही घर हवं होतं. चारुलताताई तिला येत्या रविवारी एक दाखवणार होत्या, स्वस्तातलं.

ताई नेमक्या दारात उभ्या होत्या, हातात कुंकवाचा करंडा. त्यांनी रांगोळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सवयीने त्यांची बोटं करंड्यात गेली होती, ती तिथेच थांबली.

"राहिलं नाहीये," मी कीर्तीला म्हणाले. "मुद्दामच ठेवलंय तसं. बाळाला इकडे दे आणि बस जरा. का ठेवलंय ते सगळ्यांनाच सांगते."